कार्ड नवं आणि पडदा काळा: मदरबोर्ड बदलण्याआधी हे बघा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे ऐरोलीत लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतात. मशीन २०१८ साली असेम्बल केलेलं: आय५-८४०० प्रोसेसर, एच३१० चा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम. त्यात जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड बसवलं. मॉनिटरला दोन केबल आहेत, जुनी व्हीजीएची मदरबोर्डला आणि नवी एचडीएमआयची कार्डाला. मॉनिटर व्हीजीएवर ठेवला तर सुरुवातीचा लोगो दिसतो, विंडोजचे ठिपके गोल फिरतात आणि मग पडदा काळा होतो. एचडीएमआयवर ठेवला तर पहिल्यापासूनच 'नो सिग्नल'. कार्ड काढलं की सगळं पूर्वीसारखं चालतं. दुकानातून उत्तर मिळालं, "कार्ड ओके आहे, ऑनबोर्डशी कॉन्फ्लिक्ट होतंय, मदरबोर्ड बदलावा लागेल." ते विचारतात, बदलू का?

नका बदलू. आत्ता तर अजिबात नको.

कारण साधं आहे. तुमच्या मशीनमधलं 'ऑनबोर्ड', म्हणजे कार्डाशिवाय चित्र दाखवणारं ग्राफिक्स, बोर्डवर नाहीच. ते प्रोसेसरच्या आत आहे, त्याचं नाव युएचडी ६३०. मागच्या बाजूला मदरबोर्डची जी व्हीजीए-एचडीएमआयची तोंडं दिसतात, ती फक्त बाहेर काढलेली वाट आहे, चित्र तयार होतं ते प्रोसेसरमध्ये. इंटेलने २०१० च्या आय३-आय५ पासून ग्राफिक्स प्रोसेसरसोबत द्यायला सुरुवात केली आणि २०११ च्या पिढीत ते त्याच चिपवर आलं. 'ऑनबोर्ड' हा शब्द मात्र आपल्या तोंडी राहिला. आता विचार करा, नवा मदरबोर्ड आणलात तरी त्यावर हाच प्रोसेसर बसणार. म्हणजे ज्या दोघांचं भांडण आहे म्हणून सांगितलं, ते दोघेही नव्या घरात सोबतच राहायला जाणार. खर्च होईल, विंडोजची पुन्हा जुळवाजुळव होईल, आणि सेटिंग तसंच राहिलं तर पडदाही तसाच राहील.

मी ठाण्याच्या नौपाड्यात २४ वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचंच काम करतो. कार्ड आणि ऑनबोर्डच्या तक्रारीत मी पहिला प्रश्न एकच विचारतो: चित्र नेमकं कुठपर्यंत येतं? तुम्ही ते लिहिलंय, आणि बरंचसं निदान त्यातच आहे.

मशीन चालू झाल्यावर काय होतं ते बघू. पहिल्या काही सेकंदांत बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा बोर्डवरचा प्रोग्रॅम, जोडलेली सगळी उपकरणं मोजतो. चित्र दाखवू शकणारी दोन उपकरणं सापडली तर त्यातलं एक तो मुख्य म्हणून निवडतो. लोगो, बायोसचा मेनू, विंडोजचे फिरणारे ठिपके हे सगळं त्या निवडलेल्या उपकरणातूनच बाहेर येतं. बहुतेक मशीनवर दुसऱ्याच्या भोकात त्या वेळी काहीच नसतं. मग विंडोज उठतं, आतल्या ग्राफिक्सचा इंटेलचा आणि कार्डाचा एनव्हिडियाचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, लोड होतो, आणि आता विंडोज स्वतःच्या हिशेबाने ठरवतं की डेस्कटॉप कुठे दाखवायचा. थोडक्यात, पडद्याचा ताबा एकदा बायोस देतो आणि नंतर एकदा विंडोज. हे दोन निर्णय वेगळे असू शकतात, आणि तुमच्याकडे माझ्या मते तेच झालंय.

बायोसने ताबा आतल्या ग्राफिक्सकडे दिलाय, म्हणून लोगो आणि ठिपके व्हीजीएवर दिसतात. पुढे विंडोजला दोन मॉनिटर जोडलेले दिसतात. हो, दोन. एकाच मॉनिटरला दोन केबल लावल्या तर विंडोजला ते दोन वेगळे पडदे वाटतात, कारण बहुतेक मॉनिटर ज्या इनपुटवर नसतात तिथूनही आपली ओळख कळवत राहतात. मग विंडोजने डेस्कटॉप कार्डाच्या एचडीएमआयवर नेला, आणि तुम्ही व्हीजीएवर बसून काळा पडदा बघत राहिलात. दुसऱ्या खेपेला एचडीएमआयवर बसलात, तर सुरुवातीचं मिनिटभर तिथे काही येणारच नव्हतं, कारण बायोसने तो रस्ता उघडलाच नव्हता. 'नो सिग्नल' दिसल्यावर तुम्ही मशीन बंद केलं असणार. कोणीही तेच करेल. पण अजून थोडं थांबला असतात तर लॉगिनचा पडदा आला असता, असं मला मनापासून वाटतं.

हे खरं की खोटं, ते आज संध्याकाळीच कळेल. दोन्ही केबल आहेत तशा राहू द्या. मॉनिटर व्हीजीएवर ठेवून मशीन चालू करा. ठिपके फिरून पडदा काळा झाला की घड्याळ लावून दोन मिनिटं कशालाही हात लावू नका. मग मॉनिटरच्या खालच्या किंवा मागच्या बटणाने इनपुट बदलून एचडीएमआयवर आणा. लॉगिन दिसलं तर कार्ड चांगलं, खाच चांगली, वीजपुरवठा चांगला. एक रुपयाही खर्च करायचं कारण उरत नाही.

काहीच दिसलं नाही तर आंधळेपणाने दोन गोष्टी करून बघा. विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, छोटी बीप येते आणि पडदा असेल तर क्षणभर लुकलुकतो. बीप आली म्हणजे विंडोज आत जिवंत आहे, प्रश्न फक्त दाखवण्याचा आहे. मग विंडोज आणि पी दाबा, चार-पाच सेकंद थांबा, खालच्या बाणाने एक पर्याय पुढे जाऊन एंटर दाबा. पडदा एखाद्या न दिसणाऱ्या मॉनिटरवर अडकला असेल तर बहुधा याने सुटतो.

आता कायमचा इलाज. तो बायोसमध्ये आहे. पण आत जाण्याआधी एक काम आवर्जून करा. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, चालू आहे का ते बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा किंवा दुसऱ्या फोनमध्ये साठवा. बायोसमधले काही बदल केले की पुढच्या वेळी विंडोज ती की मागतं, आणि ती नसेल तर तुमचं लग्नांचं सगळं फुटेज कुलपाच्या आत राहतं. माझ्या टेबलावर लोक अक्षरशः रडलेत यापायी. म्हणून हे आधी.

मशीन चालू होताच डिलीट किंवा एफ२ दाबत राहा. मेनू व्हीजीएवर दिसेल, कारण सध्या मालकी तिकडे आहे. हवं ते सेटिंग प्रत्येक कंपनीच्या बोर्डवर वेगळ्या नावाने असतं. गिगाबाइटवर 'इनिशियल डिस्प्ले आउटपुट', असुसवर 'प्रायमरी डिस्प्ले', एमएसआयवर 'इनिशिएट ग्राफिक अडॅप्टर', अॅसरॉकवर 'प्रायमरी ग्राफिक्स अडॅप्टर'. तिथे आयजीडी, आयजीएफएक्स, सीपीयू ग्राफिक्स किंवा ऑनबोर्ड असं काही निवडलेलं असेल. ते बदलून पीईजी किंवा पीसीआय एक्सप्रेस करा. पीईजी म्हणजे कार्डाची खाच. एफ१० दाबून सेव्ह करा. त्या क्षणी व्हीजीएचा पडदा जाईल, दचकू नका, तो जायलाच हवा. मशीन बंद करून व्हीजीएची केबल पूर्ण काढा आणि मॉनिटर एचडीएमआयवर ठेवून पुन्हा चालू करा. लोगो पहिल्या सेकंदापासून कार्डातून आला की झालं.

सेटिंग आधीच 'ऑटो'वर असेल तरीही स्पष्टपणे पीईजी निवडा. ऑटोमध्ये बहुतेक बोर्ड कार्ड दिसताच आपणहून त्याला प्राधान्य देतात. तुमच्या बोर्डने दिलं नाही, म्हणजे मशीन जोडणाऱ्याने तेव्हा कार्ड नव्हतं म्हणून आतलं ग्राफिक्स हाताने निवडून ठेवलं असावं. त्यात त्याचं काही चुकलं नाही.

बदल केला, सगळं चाललं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच झालं, तर बोर्डवरचा सीआर२०३२ चा सेल तपासा. नाण्याएवढा असतो, ३ व्होल्टचा. तुमचं मशीन २०१८ चं आहे, सेल थकला असू शकतो. बोर्डला भिंतीतून वीज मिळते तोवर बायोसची आठवण त्या विजेवर टिकते, सेल लागतो तो प्लग बंद केल्यावर. रात्री दुकानाचा मेन स्विच पाडून जाणाऱ्यांकडे म्हणूनच हा त्रास सकाळी दिसतो, आणि घरी ज्यांचा स्विच कायम चालू असतो त्यांना तो महिनोन्‌महिने कळतही नाही. विंडोजचं घड्याळ मागे पडलेलं दिसलं की ओळखा. सेल किरकोळ किमतीत येतो, बदलून टाका.

पुढचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचाराल: ऑनबोर्ड पूर्ण बंद करून टाकू का? बरेच जण तसं सांगतात. फक्त ऑफिसचं काम आणि गेम असतील तर बंद केल्याने फार बिघडत नाही. आतल्या ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेली थोडी रॅमही मोकळी होते. तुम्ही मात्र एडिटिंग करता, म्हणून मी ते चालू ठेवायला सांगेन. इंटेलच्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाचा भाग असतो, २०११ पासून. एच२६४ आणि एचईव्हीसी या व्हिडिओच्या प्रकारांचं फुटेज उलगडायला आणि एक्स्पोर्ट करायला तो उपयोगी पडतो. एडिटिंगचे नावाजलेले बरेच प्रोग्रॅम इफेक्ट आणि कलर कार्डावर चालवतात आणि फुटेज उलगडायचं काम क्विक सिंककडे देऊ शकतात. म्हणजे ज्या दोघांचं भांडण आहे असं तुम्हाला सांगितलं, त्यांना तुमच्या कामात एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून वापरता येतं.

त्यासाठी बायोसमध्ये 'आयजीपीयू मल्टी मॉनिटर' किंवा 'इंटर्नल ग्राफिक्स' हे सेटिंग 'एनेबल्ड' करा आणि मुख्य पडदा पीईजीवरच राहू द्या. ही दोन वेगळी सेटिंगं आहेत आणि सगळा घोळ इथेच होतो. एक सांगतं की आतलं ग्राफिक्स जागं ठेवायचं का. दुसरं सांगतं की पडदा कोणाकडे. अनेक जण पहिलं बदलतात, दुसरं तसंच राहतं, आणि मग म्हणतात बायोसमध्ये करूनही फरक पडला नाही.

ड्रायव्हरचं म्हणाल तर दोन्ही हवेत, इंटेलचा आणि एनव्हिडियाचा, आणि दोन्ही ताजे, कंपनीच्या साइटवरूनच घेतलेले. दोघं एका विंडोजमध्ये सुखाने राहतात. यंत्रात जुनं काही उरलं असेल, म्हणजे आधी एखादं दुसरं कार्ड लावलं होतं, तर मात्र साफसफाई करा. सेफ मोडमध्ये, म्हणजे कमीत कमी ड्रायव्हरवर चालणाऱ्या विंडोजमध्ये, जाऊन डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, ज्याला सगळे डीडीयू म्हणतात, तो चालवा. त्या वेळी इंटरनेट काढून ठेवा, नाहीतर विंडोज अपडेट मध्येच आपल्या मनाचा ड्रायव्हर टाकून देतं. पण ही पहिली पायरी नव्हे. ज्याला लोगोही दिसत नाही त्याने ड्रायव्हर पुसत बसू नये, कारण तिथपर्यंत ड्रायव्हरचा संबंधच आलेला नसतो. उलट लोगो दिसतो, सेफ मोडही दिसतो आणि फक्त नेहमीचं विंडोज काळं पडतं, तेव्हा ड्रायव्हरकडे नक्की बघा. विंडोज अजिबातच दिसत नसेल तर ठिपके फिरत असताना दोन-तीनदा पॉवर बटण दाबून बंद केल्यावर विंडोज आपोआप दुरुस्तीचा मेनू दाखवतं, तिथून सेफ मोडला जाता येतं.

सगळं चालू झाल्यावर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर जीपीयू ० आणि जीपीयू १ असे दोघे दिसतील. एक्स्पोर्ट लावा आणि आलेख बघा. एडिटिंगचा प्रोग्रॅम कार्डाला हातच लावत नसेल, तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन त्या प्रोग्रॅमसाठी 'हाय परफॉर्मन्स' निवडा. आणि रोजच्या वापरात मॉनिटर कार्डालाच जोडा. मॉनिटर मदरबोर्डला असेल तर डेस्कटॉप आतल्या ग्राफिक्सवर चालतो, आणि पैसे मोजून घेतलेल्या कार्डाचा तुम्हाला पूर्ण उपयोग होत नाही.

आता समजा माझा अंदाज चुकला. दोन मिनिटं थांबूनही एचडीएमआयवर काही आलं नाही. तेव्हा कॅबिनेट उघडायचं.

आधी वीज. कार्डाच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. जीटीएक्स १६५० ची मूळ गरज साधारण तेवढीच आहे, म्हणून काही कंपन्यांची कार्डं नुसत्या खाचेवर चालतात. पण त्याच नावाच्या बऱ्याच कार्डांवर वेगळं सहा पिनचं तोंड असतं. ते तोंड असेल तर त्यात एसएमपीएसची, म्हणजे मशीनला वीज देणाऱ्या डब्याची, केबल लागलीच पाहिजे. न लावल्यास काही कार्डं पडद्यावर तसा निरोप लिहितात, काही नुसता पंखा फिरवत गप्प बसतात, आणि फिरणारा पंखा बघून माणूस म्हणतो, "करंट तर येतोय." एसएमपीएसला सहा पिनची केबलच नसेल, तर डिस्कला वीज देणाऱ्या साटाच्या तोंडातून ती बनवणारा जोड कृपा करून वापरू नका. साटाचं तोंड १२ व्होल्टवर ५४ वॅटपर्यंतच झेपवतं, आणि सहा पिनच्या तोंडातून कार्ड ७५ मागू शकतं. असे वितळलेले जोड मी हातात धरलेत. वागळे इस्टेटमधल्या एका कार्यालयात तर पातळ डब्याच्या डेस्कटॉपमध्ये, ज्याचा एसएमपीएस जेमतेम २४० वॅटचा होता, मोठं कार्ड बसवायचा प्रयत्न चालला होता. तिथे कॉन्फ्लिक्ट नव्हता, उपासमार होती.

मग बसणं. कार्ड खाचेत खरोखर पूर्ण गेलंय का? कार्डाच्या कडेला दोन्ही बाजूंनी ८२-८२ सोनेरी पट्ट्या असतात, त्यातल्या 'मी इथे आहे' असं बोर्डला सांगणाऱ्या पट्ट्या मुद्दाम आखूड ठेवलेल्या असतात. कार्ड एका टोकाला केसभर वर राहिलं तर बाकीचं सगळं टेकतं, पण ती आखूड पट्टी टेकत नाही, आणि बोर्डला कार्ड दिसतच नाही. कॅबिनेटचा स्क्रू घट्ट करताना पुढची बाजू खाली ओढली जाते आणि मागचं टोक उचललं जातं, हे मी असंख्य वेळा पाहिलंय. म्हणून आधी कार्ड दाबून खाचेच्या टोकाची कडी 'टक' वाजेपर्यंत बसवा, मगच स्क्रू. आणि वरच्या, प्रोसेसरजवळच्या लांब खाचेतच बसवा.

तुमच्या आमच्या भागात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, ती म्हणजे हवा. ठाण्याची खाडी दोन्ही काठांना लागून आहे, ऐरोली काय आणि कोपरी काय. पावसाळ्याचे चार महिने हवा ओली आणि त्यात खार. एका जुलैमध्ये कोपरीहून एक मशीन आलं होतं. कार्ड वर्षभर उत्तम चाललं, मग एक आठवडा कधी दिसायचं, कधी नाही. मालकाने बायोस अपडेट केला, विंडोज दोनदा टाकलं. मी कार्ड काढून खिडकीपाशी उजेडात तिरकं धरलं, तर सोनेरी पट्ट्यांच्या मध्यावर एक अंधूक करडी रेघ होती, जिथे खाचेचे स्प्रिंग टेकतात बरोबर तिथेच. पांढऱ्या मऊ खोडरबराने एकाच दिशेने हलक्या हाताने सात-आठ वेळा पुसलं, चुरा ब्रशने झाडला, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसून दहा मिनिटं वाळू दिलं. खाचेत ब्लोअर मारला. कार्ड बसवलं आणि ते पुढचा उन्हाळाही चाललं. नव्या कार्डालाही हे लागू शकतं, कारण डब्यातून निघालेलं प्रत्येक कार्ड गोदामात किती पावसाळे बसलंय ते डब्यावर लिहिलेलं नसतं. पुसण्याआधी प्लग काढा, मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज काढून घ्या. शाई खोडायचं खरखरीत रबर नको, ते सोन्याचा मुलामा खरवडतं.

केबलचंही तपासा. तुमच्याकडे सरळ एचडीएमआय आहे म्हणून प्रश्न नाही, पण हे वाचणाऱ्या अनेकांकडे मॉनिटर जुना, फक्त व्हीजीएचा असतो. २०१६ नंतरच्या एनव्हिडियाच्या कार्डांतून व्हीजीएचा सिग्नल निघतच नाही. डीव्हीआयचं तोंड असलं तरी ते फक्त डिजिटल असतं, जुना साधा व्हीजीए अडॅप्टर त्यात बसतही नाही. मध्ये कन्व्हर्टर लागतो, आत चिप असलेला. कळव्याच्या एका विद्यार्थ्याने चांगलं कार्ड दोनदा बदलून आणलं होतं, तेही लोकलच्या गर्दीत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात खेटे घालून, आणि शेवटी खराब निघाला तो कन्व्हर्टर. त्या मुलाचे गेलेले दोन रविवार मला अजून डाचतात, कारण शेजाऱ्याचा एचडीएमआयचा टीव्ही लावून बघितला असता तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. तुम्हालाही शंका आली तर घरातला टीव्ही हा सगळ्यात चांगला तपासनीस आहे.

आणखी एक प्रकार सध्या फार येतोय, तो तुमचा नाही, पण लक्षणं सारखी असल्याने सांगतो. विंडोज १० ची मोफत देखभाल ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली. म्हणून लोक विंडोज ११ टाकतात. त्यासाठी कोणीतरी बायोसमधलं सीएसएम बंद करायला सांगतं. सीएसएम म्हणजे जुन्या पद्धतीच्या उपकरणांशी जुळवून घेण्याची सोय. ती बंद केली की कार्डाच्या आत युइएफआयचा, म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोसचा, जीओपी नावाचा भाग असावाच लागतो. २०१२ च्या आधीच्या बऱ्याच कार्डांत तो नसतो. परिणाम असा की काल चाललेलं कार्ड आज मुकं. बोर्ड एक लांब आणि दोन-तीन छोट्या बीप देतो, किंवा गुपचूप आतल्या ग्राफिक्सवर जातो, आणि सगळे म्हणतात, "विंडोज ११ ने कार्ड उडवलं." कार्ड काढून आतल्या ग्राफिक्सवर बायोसमध्ये जा, सीएसएम परत चालू करून बघा. पण डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीची आहे की एमबीआर या जुन्या, ते आधी तपासा, नाहीतर पडदा येईल आणि विंडोज जाईल. रन मध्ये 'एमएसइन्फो३२' लिहिल्यावर 'बायोस मोड' समोर युइएफआय की लेगसी ते दिसतं. तुमच्या जीटीएक्स १६५० ला, २०१९ चं कार्ड असल्याने, दोन्ही चालतं.

कॉन्फ्लिक्ट हा शब्द आला कुठून, तेही सांगतो, कारण दुकानदार खोटं बोलला असं मला म्हणायचं नाही. मी काम शिकत होतो तेव्हा इंटेलच्या ८१० चिपसेटचे बोर्ड सगळीकडे होते, १९९९ चे. त्यात ग्राफिक्स खरोखरच बोर्डवर होतं आणि एजीपीची, म्हणजे तेव्हाची ग्राफिक्स कार्डाची, खाचच नव्हती. कार्ड लावायचं तर साध्या पीसीआय खाचेत. आयआरक्यू, म्हणजे उपकरणांनी प्रोसेसरला हाक मारायच्या वाटा, एकूण १६, त्यातले बरेचसे कीबोर्ड, डिस्क, प्रिंटर असल्यांनी धरलेले. साउंड कार्ड, मोडेम आणि ग्राफिक्स कार्ड एकाच आयआरक्यूवर आले की विंडोज ९८ अडून बसायचं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह यायचं. तो खरा कॉन्फ्लिक्ट होता. कार्ड एका खाचेतून दुसऱ्या खाचेत हलवून तो सोडवण्यात आमच्या दुपारच्या दुपार गेल्या. पीसीआय एक्सप्रेसमध्ये उपकरणं इंटरप्टचा निरोप वेगळ्या पद्धतीने देतात, १६ च्या त्या रांगेत कोणी उभं राहत नाही. शब्द मात्र पिढी ओलांडून दुकानाच्या काउंटरवर टिकून राहिला. जागेची टंचाई आजही कधी दिसते, कोड १२ म्हणून, पण ती एकाच मशीनमध्ये अनेक कार्डं किंवा जुनं ३२ बिटचं विंडोज असेल तिथे. तुमच्या मशीनवर एका कार्डापायी तसं होणार नाही. पिवळं चिन्ह आणि कोड ४३ दिसला तर मात्र ड्रायव्हर साफ करा, आणि तरी तो परत आला तर कार्डातच दोष असण्याची शक्यता धरा.

म्हणून एवढं सगळं करूनही पडदा आला नाही तर दुकानात परत जा, पण मदरबोर्ड घ्यायला नाही. एक चाचणी त्यांना समोर करायला सांगा. तुमचं कार्ड त्यांच्या मशीनमध्ये बसवायचं आणि मॉनिटरची केबल तुम्ही स्वतः बघायची की ती कार्डालाच लागली आहे. मदरबोर्डला लावून "हे बघा, चालतंय" म्हणणं ही चाचणी नव्हे, ते चित्र प्रोसेसरचं असतं. शक्य असेल तर आतलं ग्राफिक्स नसलेल्या, एफ अक्षराने संपणाऱ्या प्रोसेसरच्या मशीनवर बघा, तिथे शंकेला जागाच राहत नाही. मग उलटी चाचणी: त्यांचं एखादं चालू कार्ड तुमच्या मशीनमध्ये, तुमच्याच एचडीएमआय केबलवर. तुमचं कार्ड तिकडे चाललं आणि त्यांचं कार्ड तुमच्याकडे बायोस पीईजीवर असूनही चाललं नाही, तर खाच किंवा एसएमपीएस यांपैकी एकाचा दोष. आधी दुसरा एसएमपीएस लावून बघायला सांगा. तोही लावून झाला तरच मदरबोर्डचा विषय काढायचा.

आजची दोन मिनिटांची चाचणी केल्यावर काय दिसलं ते इथे लिहा. सोबत बोर्डवरचं मॉडेल नाव आणि कार्डाला सहा पिनचं तोंड आहे की नाही, एवढं कळवा. लग्नसराईची डिलिव्हरी डोक्यावर असेल तर तोवर कार्ड काढून काम चालू ठेवा, काढलेलं कार्ड त्याच्या स्थिर वीज रोखणाऱ्या पिशवीतच ठेवा, आणि डब्यातली सिलिकाची पुडी फेकू नका.